चेतकच्या टाकीतले पाणी

पावसाळा सरला की जुन्या स्कूटरींच्या मिस्त्रींकडे अलीकडे एकसारखीच गिऱ्हाइके येऊ लागली आहेत. गाडी चेतक असो, प्रिया असो, एलएमएल व्हेस्पा असो की एखादी लँब्रेटा, मालकाची कहाणी तीच. गाडी दोन-अडीच महिने घरात उभी होती. दसऱ्याला धुऊन-पुसून बाहेर काढली, बऱ्याच किका मारल्यावर चालू झाली, चौकापर्यंत गेली आणि जागच्या जागी थांबली. आता किक खाली जात नाही. मालक म्हणतो, वय झाले हो गाडीचे. मिस्त्री काही न बोलता कार्बोरेटरच्या फ्लोटचे झाकण काढतो आणि कप्प्याच्या तळाला बसलेला पांढरट-हिरवा थर नखाने खरवडून दाखवतो. मग हेड उतरवतो. पिस्टनच्या अंगावर उभ्या ओरखड्यांच्या रेघा आणि बोअरला चिकटलेले ॲल्युमिनियम. ही गाडी म्हातारपणाने गेलेली नाही. ती बिनतेलाची चालली, म्हणून गेली.

हे कसे घडते ते नीट समजून घ्यायला हवे. चेतकसारख्या टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाचे वंगण वेगळे नसते. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचे, लिटरला साधारण २० मिलिलिटर, आणि तेच ऑइल क्रँकच्या बेअरिंगपासून पिस्टनपर्यंत सगळ्यांना पुरवायचे, अशी ही रचना. इंधनाबरोबर ऑइल गेले तर इंजिन जगते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. टाकीच्या झाकणाला हवेसाठी भोक असतेच, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोकणात, घाटमाथ्यावर, कोल्हापूर-साताऱ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरे काय असते? टाकीत पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला बरोबर घेऊन पेट्रोलपासून सुटते आणि तळाशी बसते. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. पेट्रोलचा कॉक असतो टाकीच्या तळाला. म्हणजे महिनोन्‌महिने उभ्या गाडीला किक मारल्यावर इंजिनात सर्वांत आधी उतरते ते तळाचे, पाणी आणि इथेनॉलचे, ऑइलचा थेंब नसलेले मिश्रण. मालकाने ऑइल मोजून घातलेले असते, त्याची काहीच चूक नसते, तरी पिस्टन धरतो. कायनेटिक होंडासारख्या ज्या गाड्यांत ऑइलची टाकी वेगळी होती त्या या संकटातून निम्म्या सुटतात. चेतक, प्रिया, सुपर यांना सुटका नाही.

रोज चालणाऱ्या गाडीचे दुखणे निराळे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. १९८० च्या दशकात साध्या पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटमधून तेवढेच इंधन गेले तर मिक्स्चर लीन होते आणि इंजिन नको इतके तापते. प्लग काढून पाहिला तर लगेच कळते. चांगल्या चालणाऱ्या टू-स्ट्रोकचा प्लग चॉकलेटी रंगाचा असतो, ऑइल जास्त झाले तर काळा आणि ओला. हल्ली प्लग फटफटीत निघू लागले आहेत. त्यात भर म्हणून जुन्या रबराचे पाइप फुगतात, कॉकचे वॉशर सुटतात, ऑइल सील कडक होऊन चिरतात, टाकी आतून गंजते.

केंद्र सरकारला यातले काही ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. जून २०२१ मध्ये नीती आयोगाचा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध झाला. जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांचे पेट्रोल संरक्षक इंधन म्हणून मिळत राहावे, असे त्यातच सुचवलेले आहे. ही सूचना कागदावर राहिली. २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्ये, ठरवलेल्या मुदतीच्या आधी गाठले गेले, त्याचा गवगवा झाला, आणि १० टक्क्यांचा नळ पंपावरून गेला. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे सरकारनेही २०२५ मध्ये मान्य केले. पण रबर बदलून ऑइल पेट्रोलपासून वेगळे व्हायचे थांबत नाही. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. म्हणून आता हा प्रश्न न्यायालयाचा राहिला नाही, धोरणाचा आहे, आणि धोरण बदलणे सरकारच्याच हातात आहे.

आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही, हे इथेच सांगून ठेवतो. महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्यातल्या शेतकऱ्याला डिस्टिलरीमुळे दोन पैसे मिळत असतील तर त्याचा आनंदच आहे. पण ज्या घरात उसाचे बिल येते त्याच घराच्या पडवीत वडिलांची प्रिया उभी आहे. एका खिशात घातलेले दुसऱ्या खिशातून काढून घेण्याचे काही कारण नाही. प्रत्येक मोठ्या गावात एका पंपाच्या एका नळाला १० टक्क्यांचे पेट्रोल ठेवल्याने देशाचे इथेनॉलचे उद्दिष्ट ढासळणार नाही.

या गाड्या वाचवायच्या तरी कशाला, असे विचारणारे भेटतील. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत विमाने आणि हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कोरादिनो दास्कानियो या अभियंत्याने १९४६ मध्ये पिआज्जिओ कंपनीसाठी व्हेस्पा आखली. त्याला मोटरसायकल आवडत नसे. म्हणून साखळी नाही, इंजिन झाकलेले, कपडे खराब होऊ नयेत म्हणून समोर पत्र्याची ढाल, आणि स्वतंत्र चौकट न ठेवता पत्र्याचे अंगच चौकटीचे काम करणारे. पुढच्याच वर्षी मिलानची इन्नोचेंती कंपनी लँब्रेटा घेऊन आली. या दोन्ही गाड्यांनी महाराष्ट्रात पाय रोवले. मुंबईत भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९५० च्या दशकात लँब्रेटा जोडायला घेतल्या. बजाजने १९६० च्या सुमारास पिआज्जिओच्या परवान्यावर व्हेस्पा करायला सुरुवात केली, १९७१ मध्ये तो परवाना संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक आली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने प्रिया काढली. त्याच काळात इन्नोचेंतीची यंत्रसामग्री लखनौला आली आणि तिथून विजय सुपर निघाली. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबलेली घरे महाराष्ट्रात हजारोंनी होती. मुलीच्या लग्नाचा विचार निघाला की आधी चेतकची नोंदणी करून ठेवणारे बाप होते.

शिक्षक, पोस्टमन, एलआयसीचे एजंट, सरकारी कारकून, दूधवाले, भिक्षुक, गावोगावचे डॉक्टर, सगळे या स्कूटरींवरून फिरले. पुढे उभा मुलगा, मागे बायको, तिच्या मांडीवर लहानगी, आणि डिकीत भाजी. मराठी मध्यमवर्गाने आपली पहिली स्वतःची यंत्रे या गाड्यांच्या रूपाने पाहिली, आणि त्या दुरुस्त करायलाही तो शिकला. पॉइंट घासणे, प्लग साफ करणे, क्लचची केबल ओवणे, स्टेपनी बदलणे हे त्या पिढीला येत होते. हँडलच्या डाव्या मुठीत गिअर घालायला शिकलेला हात आजही विसरत नाही. हा सारा वारसा कुठल्याही किल्ल्याइतका आपला आहे, आणि तो अजून चालू स्थितीत आहे. चालू स्थितीत, हे महत्त्वाचे. काचेआड ठेवलेली स्कूटर म्हणजे पत्रा.

आणि ती चालू ठेवणारी माणसे आहेत. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात, मुंबईच्या उपनगरांत रविवारी सकाळी जुन्या स्कूटरवाल्यांचे गट बाहेर पडतात. बँकेतले निवृत्त, आयटीतली पंचविशीतली पोरे, एखादा रिक्षावाला, आजोबांची गाडी चालवणारी कॉलेजातली मुलगी. या मंडळींची थट्टामस्करी ऐकण्यासारखी असते. एकाची गाडी बंद पडली की सगळे थांबतात आणि प्रत्येकाचे निदान वेगळे. एक म्हणतो प्लग, दुसरा म्हणतो पॉइंट, तिसरा म्हणतो जेटमध्ये कचरा, आणि चौथा इतकेच विचारतो की पेट्रोल आहे का बघितले का. बहुतेक वेळा चौथाच बरोबर असतो आणि मग चहा कुणी पाजायचा ते ठरते. गाडी चालू होत नसली तर तिरकी करायची, हा विनोद तर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. उभ्या गाडीच्या कार्बोरेटरकडे पेट्रोल उतरावे म्हणून ती तिरकी करत, आणि दोन पिढ्या या युक्तीवर हसत-हसत कामाला गेल्या. आज बरेच दिवस उभी असलेली गाडी तिरकी करणे म्हणजे तळाशी बसलेले तेच बिनतेलाचे मिश्रण कार्बोरेटरकडे ढकलणे. या मंडळींना आता तो विनोद हसवत नाही. अलीकडे ती काचेची निमुळती बाटली घेऊन पंपावर जातात. त्यात १०० मिलिलिटर पेट्रोल आणि मोजून १० मिलिलिटर पाणी घालतात, हलवतात आणि खूण करून ठेवतात. थोड्या वेळाने पाण्याचा थर तिप्पट झालेला दिसतो. वाढलेले ते सगळे इथेनॉल. रविवारच्या सहलीतल्या गप्पांचा विषय कुठला घाट यापेक्षा कुठला पंप हाच होऊन बसला आहे.

टाकीतून वाचलेली गाडी कागदात अडकते. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील दुचाकीसाठी २,००० रुपये. महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कराचे २,००० रुपये. नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट ५३१ रुपये, तीही २०१९ पूर्वीच्या प्रत्येक गाडीला सक्तीची. हा खर्च कसाबसा करता येईल. खरा काळ म्हणजे उशिराचा दंड. नूतनीकरण चुकले तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये. वडील गेले, गाडी ४ वर्षे अंगणात राहिली, मुलाने ती चालू करायची ठरवली, तर दंडच १४,४०० रुपये. मुलगा हिशेब करतो आणि भंगारवाल्याला हाक मारतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या किती चेतक या एका हिशेबापायी तोडल्या गेल्या असतील, या विचाराने पोटात गोळा येतो.

पैसे भरायची तयारी असली तरी काम होईलच असे नाही. जुने आरसी बुक हाताने लिहिलेले, नोंद कधीकाळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या आरटीओत झालेली, संगणकावर गाडी सापडत नाही. नंबर प्लेट मागवायला चॅसिस आणि इंजिनचा क्रमांक जुळावा लागतो, आणि क्रँककेस फुटल्यावर २५ वर्षांपूर्वी दुसरी बसवली असेल तर इंजिनचा क्रमांक जुळणारच नाही, कारण तो क्रँककेसवरच ठोकलेला असतो. त्या काळी अशी दुरुस्ती गल्लोगल्ली होत होती आणि कुणी ती आरटीओत कळवत नव्हते. तो प्रामाणिक माणसाचा प्रामाणिक दुरुस्तीचा मामला होता. आज तोच माणूस चोरीची गाडी बाळगल्यासारखा खिडकीपुढे उभा राहतो.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये पुरातन वाहनांसाठी वेगळा नियम केला, हे चांगले केले. पण त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि अशी गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वगैरे कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. हा नियम राजेरजवाड्यांच्या मोटारी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला दिसतो. १९८८ ची चेतक २०३८ मध्ये या नियमाला पात्र ठरेल. तोवरची मधली वर्षे ती कशी काढणार? चेतक, प्रिया, एलएमएल व्हेस्पा या गाड्यांची मोठी फळी १९८० आणि १९९० च्या दशकांतली आहे. म्हणजे ज्या काळात या स्कूटरी सर्वाधिक घरांत आल्या, नेमका तोच काळ दोन नियमांच्या फटीत पडला आहे.

प्रदूषणाचा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येताना जळालेला वायू बाहेर जातो आणि त्याच्याबरोबर काही न जळलेले पेट्रोल-ऑइलही निसटते. तो निळा धूर तेव्हाही त्रासदायक होता. ज्या शहराची हवा दिल्लीसारखी झाली आहे तिथे १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदी झाली, ती समजू शकते. रोज ऑफिसला जायला टू-स्ट्रोक स्कूटर वापरा, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. पण महिन्यातून चार सकाळी निघणाऱ्या, पीयूसी असलेल्या, नीट ट्यून केलेल्या गाडीची गणना रोज ६० किलोमीटर पळणाऱ्या गाडीबरोबर का करायची? १५ वर्षांच्या रेषेच्या एका बाजूला सगळे आणि दुसऱ्या बाजूला सगळे, हा आळशी कायदा आहे. मर्यादित वापराची अट घाला, दर वर्षी तपासणी करा, धूर काढणारी गाडी बंद करा. मालक आनंदाने ऐकतील, कारण धूर काढणारी गाडी म्हणजे नीट न ठेवलेली गाडी, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही.

माणसे जात आहेत, हे सर्वांत कमी बोलले जाते. पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात अस्सल सुट्या भागांचे जुने डबे शोधणारे शोधत राहतात, पण हाती येतो तो बहुतेक वेळा नकली माल. रिंग महिनाभरात घासते, कॉइल तापली की ठिणगी सोडते. क्रँक उघडून, बेअरिंग बदलून, फिरवून तिचा तोल अचूक साधणारा लेथवाला आता गावात एखादाच उरला आहे, आणि तोही साठीच्या पुढचा. त्याच्या हाताखाली पोरगा नाही, कारण पोरांना कॉम्प्युटर लावून दोष शोधणाऱ्या गाड्यांचे काम मिळते आणि त्यात चूक काहीच नाही. हे ज्ञान कुठे लिहिलेले नाही. सायलेन्सर कधी जाळून साफ करायचा, ठिणगीचे टायमिंग आवाजावरून कसे ओळखायचे, हे त्या माणसाबरोबर जाईल. दुसरीकडे या शतकाच्या सुरुवातीपासून जुन्या भारतीय व्हेस्पा आणि लँब्रेटा कंटेनरमधून ब्रिटन आणि युरोपात जात राहिल्या, पुष्कळदा कुजलेल्या पत्र्यावर लांबी भरून, वरून रंग मारून. बाहेरच्यांना त्यांची किंमत कळली. ज्या गाडीची नोंदणी करून बाप वर्षानुवर्षे थांबले, ती मुलांनी किलोच्या भावात दिली.

आता करायचे काय ते ठरले पाहिजे, आणि येत्या पावसाळ्याच्या आत ठरले पाहिजे. केंद्राने आपल्याच नीती आयोगाची सूचना अमलात आणावी आणि तेल कंपन्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी तरी १० टक्क्यांच्या पेट्रोलचा एक नळ बंधनकारक करावा. २५ ते ५० वर्षांच्या दुचाकींसाठी मर्यादित वापराचा स्वतंत्र वर्ग करावा, त्याची फी सामान्य माणसाला झेपेल इतकी असावी, आणि उशिराचा दंड एकदाच, वर्षभराची मुदत देऊन, माफ करावा. पर्यावरण कर राज्याचा आहे, तेव्हा या वर्गाला त्यातून सवलत द्यायला मुंबईला दिल्लीची वाट पाहायचे कारण नाही. परिवहन विभागाने जुन्या हस्तलिखित नोंदी संगणकावर घेण्यासाठी आणि बदललेल्या क्रँककेसची पडताळणी करून नोंद करण्यासाठी प्रत्येक आरटीओत शिबिरे घ्यावीत. आकुर्डीच्या आवारात आज विजेवर चालणारी नवी चेतक तयार होते, बारामतीत २०१२ पासून व्हेस्पा तयार होते. या कंपन्यांनी आपल्या जुन्या गाड्यांची ड्रॉइंग आणि सुट्या भागांच्या याद्या खुल्या केल्या तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातले छोटे कारखानदार अस्सल मापाचा माल काढतील. आयटीआयमध्ये जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावे, त्यांचे हात चालताना चित्रित करून ठेवावेत.

मालकांनी मात्र सरकारची वाट पाहत बसू नये. मे संपायच्या आत टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करून कोरडे करा, पावसाळाभर गाडीत पेट्रोल ठेवू नका. बाहेर काढताना ताजे पेट्रोल, मोजून ऑइल, आणि जेट एक नंबर मोठा लागतो का ते मिस्त्रीला विचारा. पाइप, वॉशर, सील आत्ताच बदला. इंजिनचा आणि चॅसिसचा क्रमांक घासून-पुसून आरसी बुकाशी ताडून पाहा, गाडी वडिलांच्या नावावर असेल तर वारसनोंदीचे कागद गोळा करा. आणि नूतनीकरणाची तारीख बघा. ती उलटून गेली असेल तर महिन्याला ३०० रुपये चढत आहेत, तेव्हा सोमवारीच आरटीओत जा.